कोठडीच्या भिंतीवरचा मराठी कागद

आजचा भाग एका कागदाबद्दल आहे.

१५ फेब्रुवारी १९८३ ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्र सरकारला एक आदेश दिला. अटक झालेल्या माणसाला कोणकोणते हक्क असतात, ते सांगणारं एक पत्रक तयार करा. ते मराठीत छापा, हिंदीत छापा, इंग्रजीतही छापा. राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या प्रत्येक कोठडीत ते भिंतीवर लावा. आदेश इथंच संपत नाही. माणसाला ठाण्यात आणल्या आणल्या, त्याला समजेल त्या भाषेत ते पत्रक वाचून दाखवा, असंही कोर्टानं सांगितलं.

'वाचून दाखवा' या दोन शब्दांशी मी अडकलो. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट एखाद्या कागदाबद्दल इतकं बारीक का सांगतं? कारण त्याआधीची बरीच वर्षं हक्क होते, पण ते ज्याचे होते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. सरकारी मोफत वकील, जामीन, कैद्यांचं पुनर्वसन, या सगळ्याचा आपल्याकडचा इतिहास मला तरी याच एका प्रश्नाचा इतिहास वाटतो: कागद माणसापर्यंत पोचला का?

जालन्यात कोर्ट कोणत्या भाषेत बोलायचं?

मी जालन्याचा, म्हणून सुरुवात घरापासून करतो.

आपला जिल्हा वयानं लहान आहे. १ मे १९८१ ला तो झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यातून आला आणि परतूर परभणीतून. त्याआधी १९६० पासून आपण महाराष्ट्रात, १९५६ ते ६० द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि त्याच्या आधी हैदराबाद संस्थानात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाची राजवट होती आणि तिच्या सरकारी व न्यायालयीन कामकाजाची भाषा होती उर्दू.

आता कल्पना करा. अंबडकडचा एक शेतकरी, घरात मराठी बोलणारा. त्याच्यावर खटला चालतोय. कागद उर्दूत, हुकूम उर्दूत. आपल्यावर आरोप काय आहे, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळणार. सांगणारा जेवढं सांगेल तेवढंच त्याला ठाऊक.

ही गोष्ट फार जुनी वाटत असेल तर २०२३ आठवा. अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मराठवाड्यातले जुने दस्तऐवज वाचण्यासाठी उर्दू आणि मोडी जाणणाऱ्या माणसांची शोधाशोध करावी लागली होती. आपल्याच आजोबा-पणजोबांचे कागद, पण आपल्याला वाचता येत नाहीत. कागद असणं आणि कागद वाचता येणं यात किती अंतर असतं, हे जालनेकरांना वेगळं सांगायला नको.

तिकडे मुंबईत मात्र गरिबाला वकील मिळावा यासाठी १९२४ मध्येच लीगल एड सोसायटी निघाली होती. १९४९ मध्ये मुंबई सरकारनं याच विषयावर एक समिती नेमली. अध्यक्ष होते न्यायमूर्ती एन. एच. भगवती. हे आडनाव लक्षात ठेवा. पुढे त्यांचा मुलगा या गोष्टीत येणार आहे.

येरवड्यात अडकलेला निकाल

आता थेट १९७८ वर येऊ. दोन वर्षं आधी ४२ व्या घटनादुरुस्तीनं संविधानात कलम ३९-अ आलं होतं. पैसे नाहीत म्हणून कुणाला न्याय नाकारला जाऊ नये, राज्यानं मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं ते कलम सांगतं. पण ते मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. म्हणजे सरकारनं करावं असं, पण केलं नाही तर थेट कोर्टात मागता येईल असं नाही.

अशा वेळी महाराष्ट्रातली एक केस सुप्रीम कोर्टात गेली. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आरोपी शिकलेला होता, विद्यापीठात शिकवणारा. आरोप होता दुसऱ्या एका विद्यापीठाचा बनावट शिक्का तयार करवून घेण्याच्या प्रयत्नाचा. सत्र न्यायालयानं त्याला अगदी नावापुरती शिक्षा दिली, कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची. मुंबई हायकोर्टानं १९७३ मध्ये ती वाढवून तीन वर्षं केली.

त्यानंतर तो सुप्रीम कोर्टात आला चार वर्षांहून जास्त उशिरानं. इतका उशीर का? त्याचं म्हणणं, निकालाची प्रतच मला मिळाली नव्हती. प्रत तर हायकोर्टानं येरवडा तुरुंगाच्या अधीक्षकांकडे पाठवलेली होती. तुरुंगाचं म्हणणं, आमच्या कारकुनानं ती कैद्याला दिली होती, पण राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडायची म्हणून परत घेतली. कैद्यानं प्रत घेतल्याची सही मात्र कुठंच नव्हती.

बघा, सगळं नियमानुसार चाललं होतं. हायकोर्टानं प्रत दिली, पोस्टानं नेली, तुरुंगानं घेतली. फक्त शेवटची काही पावलं राहिली. तेवढ्यात माणसाची तीन वर्षांची शिक्षा भोगूनसुद्धा झाली.

१७ ऑगस्ट १९७८ ला न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला. होसकोट हरले, त्यांचा अर्ज फेटाळला गेला. पण त्या निकालातून कैद्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक, तुरुंगात असलेल्या माणसाला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत द्यायची, आणि दिल्याची त्याची लेखी पोच घ्यायची. दोन, अपील करायचं असेल आणि वकील परवडत नसेल, तर सरकारच्या खर्चानं वकील द्यायचा. हे सगळं कोर्टानं कलम २१ मध्ये बसवलं, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कात. जे आत्तापर्यंत 'करावं' होतं, ते आता 'करावंच लागेल' झालं.

'जामीनदार आमच्याच जिल्ह्यातला पाहिजे'

बरोबर एका आठवड्यानं, २४ ऑगस्ट १९७८ ला, कृष्णा अय्यर यांचाच दुसरा निकाल आला. केस मध्य प्रदेशातली, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. पण ती ऐकताना मला सतत आपला मंठा, घनसावंगी आठवत राहतो.

मोतीराम गवंडी होता. सुप्रीम कोर्टानं त्याला जामीन मंजूर केला. खालच्या मॅजिस्ट्रेटनं रक्कम ठरवली १०,००० रुपये. १९७० च्या दशकात एका गवंड्याला! मोतीरामचा भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर मॅजिस्ट्रेटनं त्याला नाकारलं, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. सुप्रीम कोर्टानं हे साफ चुकीचं ठरवलं आणि मोतीरामला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. जातमुचलका म्हणजे स्वतःच लिहून दिलेली हमी, त्याला दुसरा जामीनदार लागत नाही.

आता हे आपल्याकडे लावून बघा. दरवर्षी दिवाळीच्या आसपास आपल्या जिल्ह्यातून कितीतरी जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. समजा, त्यातला एक विशीतला पोरगा सांगलीकडे भांडणात किंवा चोरीच्या संशयात धरला गेला. जामीन मंजूर झाला. आता जामीनदार आणायचा. सातबारा पाहिजे, तहसीलदाराचा ऐपतदारीचा दाखला पाहिजे, आधार, रेशनकार्ड पाहिजे. सोबतची सगळी माणसं त्याच्यासारखीच फडावर, कोप्यांमध्ये राहणारी. सातबारा असलेला कुणी असेल तर तो गावाकडं, चारशे किलोमीटरवर. त्यानं मजुरी बुडवून, एसटीचं भाडं घालून यायचं, आणि आल्यावर ऐकायचं की जामीनदार स्थानिक पाहिजे.

असा नकार देता येत नाही, हे १९७८ पासून ठरलेलं आहे. पण त्या पोराला किंवा त्याच्या मुकादमाला मोतीरामचं नाव कुणी सांगितलेलं असतं का?

भारतातल्या तुरुंगांत २०२२ च्या शेवटी ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही. चारातले तीन. कायद्याच्या नजरेत ही माणसं अजून गुन्हेगार नाहीत. यातले सगळेच निर्दोष असतील असं मी म्हणत नाही. पण जामीन मिळूनही सुटका अडते तेव्हा अनेकदा गुन्हा नाही, गरिबी आडवी आलेली असते.

एक पत्रकार तुरुंगात गेली

आता त्या पत्रकाकडे परत येऊ.

१९७९ मध्ये बिहारमधलं हुसैनारा खातून प्रकरण गाजलं होतं. तिथं असे कच्चे कैदी सापडले की ज्यांच्या गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा होती, त्याहून जास्त काळ ते खटला सुरू होण्याची वाट बघत आत होते. ते प्रकरण ऐकणारे न्यायमूर्ती होते पी. एन. भगवती. हो, १९४९ च्या समितीच्या अध्यक्षांचा मुलगा. वडिलांनी अहवाल लिहिला, आणि तीस वर्षांनी मुलगा तोच विषय निकालांमधून पुढे नेत होता.

मे १९८२ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी परवानगी घेऊन मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. बारसे यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. भगवतींच्या कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. आर्मायती देसाई यांना तुरुंगात जाऊन, या बायकांशी एकट्यात बोलून अहवाल द्यायला सांगितलं.

त्यातून तो १९८३ चा आदेश आला. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा. महिलांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच. अटक झाली की जवळच्या विधी साहाय्य समितीला पोलिसांनी लगेच कळवायचं. आरोपीनं सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं. मॅजिस्ट्रेटसमोर आणल्यावर मॅजिस्ट्रेटनं आपणहून विचारायचं, कोठडीत काही त्रास झाला का? तुरुंग अधीक्षकांनी कच्च्या कैद्यांच्या याद्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवायच्या. आणि भिंतीवर ते मराठी पत्रक, वाचून दाखवण्याच्या अटीसह.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. होसकोट काय, या पंधरा बायका काय, नियम आधीच होते. संविधानाचं कलम २२ तर १९५० पासून सांगतंय की अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्या. बदल झाला तो बाहेरचं कुणीतरी आत जाऊन बसलं, ऐकलं आणि लिहून घेतलं तेव्हा.

आज जालन्यात काय आहे?

१९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन.

या कायद्याचं कलम १२ प्रत्येकानं माहीत करून घ्यावं असं आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, यांना मोफत वकील मिळतो. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जालन्यात जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. २०२२ पासून देशभर फौजदारी खटल्यांसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची नवी पद्धत सुरू झाली. आपल्याकडे तिला लोक अभिरक्षक कार्यालय म्हणतात. सरकारी वकील सरकारतर्फे लढतो, लोक अभिरक्षक आरोपीतर्फे. दोघांचा पगार सरकारच देतं. काही जणांना हे खटकतं. पण खटला दोन्ही बाजूंनी नीट लढला गेला, तरच निकालावर विश्वास बसतो, फिर्यादीचाही.

होसकोटांचा कागद चार वर्षं पोचला नव्हता ना? ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगात पाठवा. सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं.

त्याच वर्षी केंद्र सरकारनं गरीब कैद्यांसाठी योजना आणली. जामिनाची रक्कम भरायला पैसे नाहीत अशा कच्च्या कैद्याला ४०,००० रुपयांपर्यंत, आणि दंड भरता येत नाही म्हणून आत राहिलेल्या कैद्याला २५,००० रुपयांपर्यंत मदत, असं तेव्हा ठरलं होतं. निर्णय जिल्हा पातळीवरच्या समितीकडे. अंमली पदार्थ, भ्रष्टाचार, दहशतवाद अशा कायद्यांखालच्या आरोपींना ती नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्यानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, तर त्याला सोडायचं असतं. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरीही हा फायदा नाही. पण अर्ज कोण करणार, याचं उत्तर कायद्यानंच दिलंय: तुरुंग अधीक्षकांनी. म्हणजे कैद्याला कायदा माहीत नसला तरी त्याचं अडू नये.

आणि सुटल्यावर?

इथपर्यंत वकिलाची गोष्ट झाली. पण शिक्षा झालेल्याचं काय?

पहिला मुद्दा, प्रत्येक दोषी माणसाला तुरुंगात पाठवलंच पाहिजे असं नाही. मुंबई प्रांतानं १९३८ मध्येच परिवीक्षेचा कायदा केला होता. देशाचा कायदा १९५८ चा. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली माणसाला घरी राहू द्यायचं, अशी ही सोय. गुन्हेगार २१ वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर त्याला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टानं परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो, आणि तरीही पाठवलं तर कारण लिहायचं असतं. या कायद्याखाली सुटलेल्याला त्या शिक्षेमुळे पुढे अपात्र धरता येत नाही, असं कलम १२ सांगतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे कान देऊन ऐका.

दुसरा मुद्दा सांगलीचा. मघाशी आपला ऊसतोडीचा पोरगा तिकडंच सोडला होता. त्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी तिथं भिंत नसलेला तुरुंग उभा केला. कैद्यांनी बायकामुलांसोबत राहायचं, शेती करायची. 'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांतारामांचा १९५७ चा सिनेमा याच प्रयोगावरून सुचला. सिनेमा जुना झाला, पण वसाहत अजून चालू आहे. आपल्या शेजारी पैठणलाही खुलं कारागृह आहे, तिथंही कैदी शेती करतात. पळून जायला वाट मोकळी असते, तरी बहुतेक जण थांबतात, कारण शिक्षा संपल्यावर ज्या आयुष्यात परत जायचंय, ते आयुष्य तिथं थोडंफार शाबूत राहतं.

तिसरा मुद्दा पैशांचा. १ मे २०२२ ला येरवड्यात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' योजना सुरू झाली. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याजानं. तारण नाही, जामीनदार नाही. फेड तुरुंगातल्या मजुरीतून. हे पैसे घरच्यांच्या दवाखान्याला, पोरांच्या फीला, वकिलाला वापरता येतात. ज्याच्यासाठी बाहेर कुणी जामीन राहत नव्हतं, त्याच्या मजुरीवर बँकेनं भरवसा ठेवला, ही छोटी गोष्ट नाही.

तर मंडळी, योजना आहेत, कायदे आहेत, निकाल तर पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे आहेत. अडतं ते शेवटच्या काही पावलांवर. पूर्वी त्या पावलांना एक पत्रकार लागली, एक पत्र लागलं. आज तुमच्या हातात फोन आहे.

म्हणून एवढं करा. १५१०० हा विधी सेवेचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर सेव्ह करा. ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा स्टील कंपनीत कामाला असलेल्या एखाद्या ओळखीच्याला तो पाठवा. ज्याला वाचता येत नाही, त्याला फोन लावून सांगा: धरलं तर वकील फुकट मिळतो, मागायचा असतो, आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी चालतो.

ते पत्रक वाचून दाखवायचं असतं, असं कोर्ट १९८३ मध्येच म्हणालं होतं. पोलिसांनी ते दाखवावंच. पण ती वेळ येण्याआधी आपण वाचून दाखवलं, तर कुणी अडवणार नाही.

भेटू पुढच्या भागात.